‘नाकेबंदी’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ : हैदराबाद प्रश्नातील दोन शब्द

हैदराबाद संस्थानाचा १९४७-४८ मधील पेच हा जसा सत्तेचा, तसाच शब्दांचाही झगडा होता. घडते आहे त्यास नाव कोणी द्यावयाचे, यावर त्यात पुष्कळच अवलंबून होते. प्रस्तुत टिपणात त्यांपैकी दोन नावांचा विचार करावयाचा आहे.

पहिले नाव ‘आर्थिक नाकेबंदी’. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर निजाम सरकारने भारतीय चलनाच्या व्यवहारावर बंधने घातली आणि पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज रोख्यांच्या रूपाने देऊ केले. पुढे मीठ, पेट्रोल, औषधे सीमेवर अडू लागली, तेव्हा हैदराबादने तीस नाकेबंदी म्हटले. दिल्लीने असे काही धोरण असल्याचे नाकारले. चोहोंकडून भूमीने वेढलेल्या या राज्यात स्वतःचे जकातखाते, म्हणजे करोडगिरी, होते. त्यामुळे ‘नाका’ हा शब्द येथे अलंकारिक नव्हता. सीमेवरच्या माणसाला तो डोळ्यांनी दिसत असे. मात्र नाकेबंदी मान्य केली की समोरचे राज्य परके ठरते, आणि दिल्लीला नेमके तेच नको होते.

दुसरा शब्द याच तर्काने आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रणगाड्यांसह सैन्य सोलापूरकडून शिरले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली. या मोहिमेस ‘पोलीस ॲक्शन’ म्हणण्यात आले, कारण पोलीस आपल्याच घरात शिरतात. पॅरिस येथे १६ सप्टेंबरच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत रामस्वामी मुदलियार यांनी हैदराबादला सार्वभौमत्व नाहीच, असा पक्ष मांडला, तो याच्याशी सुसंगत होता. गंमत अशी की, डच सरकारने १९४७ मध्ये इंडोनेशियातील आपल्या स्वारीस हेच नाव दिले होते, आणि तिच्याविरुद्ध सुरक्षा समितीकडे जाणाऱ्यांत भारत होता. दोन्ही प्रकरणे न्यायाच्या दृष्टीने सारखी नव्हेत. शब्दाचे काम मात्र सारखेच होते.

भाष्यकारांचे वजन केवढे होते, हे त्यांना मोजाव्या लागलेल्या किमतीवरून कळते. लंडनच्या पार्लमेंटात चर्चिल यांनी हैदराबादची बाजू घेतली. त्यांना त्यात काही गमवावयाचे नव्हते. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांच्यावर हल्ला होऊन त्यांचा खून झाला. योगायोग असा की, हैदराबादची तक्रार सुरक्षा समितीकडे गेली, तीही त्याच दिवशी. रझाकारांचे नेते कासीम रझवी हे मूळचे लातूरचे वकील. त्यांच्या वक्तृत्वाची धार या भागाने जवळून अनुभवली होती.

त्या वेळी बीदर जिल्ह्यात मोडणाऱ्या देवणी-उदगीर परिसरात ‘रझाकारी’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ हे शब्द पुढे कालगणनेचे झाले. जन्म, लग्न, जमिनीचा व्यवहार ‘ॲक्शनच्या आधी’चा की ‘नंतर’चा, असे सांगितले जाई. सरकारी अर्थाने ही कारवाई पाच दिवसांची. पण त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड यांच्याबरोबर बीदरही गणला. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. ‘मुक्तिसंग्राम’ या शब्दात रझाकारांनी मारलेल्यांची आठवण सामावते, नंतर मारल्या गेलेल्यांची सामावत नाही. बोलीतील ‘ॲक्शन’ मात्र दोहोंना पोटात घेते. म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने हा शब्द ऐकताच तारीख लिहून मोकळे होऊ नये. बोलणाऱ्याच्या मनात तो सप्टेंबरात संपतो की पुढे चालू राहतो, हे स्वतंत्रपणे विचारावे.