मढे घाटाने उतरावे, उपांड्याने चढावे

केळद गावापासून थोडे चालताच लक्ष्मी धबधब्याचा माथा दिसतो, आणि बहुतेक प्रवासी तेथूनच परततात. परंतु ज्याला सह्याद्रीच्या कड्याची उंची स्वतःच्या पायांनी मोजावयाची आहे, त्याने मढे घाटाने कोकणच्या मुलखात कर्णवडीस उतरून उपांड्या घाटाच्या उभ्या चढणीने दिवसाउजेडी केळदला परतावे.

१६७० मध्ये सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच मढे घाटाने उमरठ गावी नेला, अशी परंपरा आहे; ती स्मरत उतरताना धबधब्याचा अखंड घोष मला अधिकच गंभीर वाटतो.

श्रावणात काळा पाषाण शेवाळाने अतिशय निसरडा होतो, धुक्यात वाट दिसेनाशी होते, म्हणून स्थानिक वाटाड्या अवश्य सोबत घ्यावा आणि मुसळधार पावसात हा बेत सर्वस्वी रहित करावा.