'व्हेरी' कुठे लावायचं, कुठे नाही?

नोकरीचा अर्ज असो वा आभाराचं पत्र, इंग्रजीत लिहिताना आपल्याकडे 'आय ॲम व्हेरी डिलाइटेड' हमखास येतं. मराठीत 'खूपच अप्रतिम' खपून जातं. इंग्रजीत मात्र असा जोर देण्याचे संकेत वेगळे आहेत.

गैरसमज १ : 'व्हेरी' कोणत्याही विशेषणाला चालतं.
वस्तुस्थिती : कोल्ड, टायर्ड, बिग या गुणांना कमी-जास्त प्रमाण असतं, म्हणून तिथे 'व्हेरी' चालतं. फ्रीझिंग, एक्झॉस्टेड, इनॉर्मस या जोरकस विशेषणांत 'खूप' आधीच सामावलेलं असतं. फ्रीझिंग म्हणजेच व्हेरी कोल्ड. त्यामुळे 'व्हेरी फ्रीझिंग' खटकतं. 'फेअरली' किंवा 'अ बिट'ही तिथे बसत नाहीत.

गैरसमज २ : मग जोरकस विशेषणांवर आणखी जोर देताच येत नाही.
वस्तुस्थिती : येतो, पण त्याचे शब्द निराळे: ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग, कम्प्लीटली एक्झॉस्टेड, अटरली रिडिक्युलस. 'अटरली' बहुधा नकारात्मक शब्दांसोबत येतं. उलट 'ॲब्सोल्यूटली कोल्ड' चुकीचं वाटतं. 'रिअली' मात्र दोन्हीकडे चालतं: रिअली कोल्ड, रिअली फ्रीझिंग. पण ते बोलीकडे झुकणारं आहे. औपचारिक मजकुरात जपून वापरावं.

गैरसमज ३ : 'क्वाइट' म्हणजे 'बऱ्यापैकी'.
वस्तुस्थिती : ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे बहुधा 'बऱ्यापैकी चांगलं', पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे 'अगदीच अशक्य'. पुढचं विशेषण बदललं की अर्थ बदलतो. अमेरिकेत तर 'क्वाइट गुड'चा अर्थ सहसा 'खूप चांगलं' असा घेतात. शिफारसपत्रात विद्यार्थ्याला 'क्वाइट गुड' म्हटलं, तर अमेरिकी वाचकाला ती स्तुती वाटेल आणि ब्रिटिश वाचकाला हातचं राखून केलेली शिफारस. अशा पत्रात हा शब्द टाळलेलाच बरा.

गैरसमज ४ : जोराचे शब्द जितके जास्त, तितकं लेखन प्रभावी.
वस्तुस्थिती : बोलताना आवाज चढवता येतो, कागदावर ती सोय नाही, म्हणून हे शब्द पेरण्याचा मोह होतो. पण ओळीओळीला 'ॲब्सोल्यूटली' आलं की वाचकाला त्याचं काही वाटेनासं होतं. विल्यम स्ट्रंक यांच्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या पुस्तकाची ई. बी. व्हाइट यांनी वाढवलेली आवृत्ती 1959 साली आली. तिच्यातही व्हेरी, रादर, प्रिटी यांसारख्या शब्दांबाबत सावध केलेलं आहे. अहवालात रस्ता 'ॲब्सोल्यूटली टेरिबल' आहे असं लिहिण्यापेक्षा खड्डे कुठे आहेत आणि किती खोल आहेत हे लिहा. त्यानेच वाचकाला परिस्थिती कळते.

इंग्रजी मजकूर लिहून झाला की जोर देणारं प्रत्येक क्रियाविशेषण काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ उणावला, तर ते परत ठेवा. नाहीतर खुशाल खोडा. 'आय ॲम डिलाइटेड' एवढ्यात आनंद पुरेपूर पोचतो.