क्रमांकावरून खप कळतो का?

वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला ९६ गुण आणि दुसऱ्याला ९५ असू शकतात. किंवा पहिल्याला ९६ आणि दुसऱ्याला ७१. प्रगतिपुस्तकावरचे क्रमांक दोन्ही वेळी तेच. क्रमांकातून क्रम कळतो, अंतर कळत नाही. बाजारात ही गोष्ट विसरली की कशी फसगत होते ते पाहू.

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या त्यातल्या मोठ्या कंपन्या. कोणाचे यंत्र किती खपले हे गेम तयार करणाऱ्यांना कळायला हवे असते. कारण ज्या यंत्राचे मालक थोडे, त्यासाठी गेम बनवण्याचा खर्च भरून निघत नाही. पण मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून कन्सोल-विक्रीचा आकडा सांगणे थांबवले. निन्टेंडो आणि सोनी आकडे देतात, पण ते मुख्यतः दुकानांकडे रवाना झालेल्या मालाचे असतात. ग्राहकाने घरी नेलेल्या यंत्रांचे नव्हेत.

ॲमेझॉनसारखे इंटरनेटवरील दुकान मात्र बहुतेक वस्तूंचा विक्री-क्रमांक सर्वांना दाखवते आणि तो वारंवार बदलत असतो. किती नग विकले याचा नेमका आकडा मात्र सांगत नाही. मग क्रमांकावरून नग काढता येतील का?

पुस्तकांच्या बाबतीत असा प्रयत्न झाला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्युडिथ शेव्हालिए आणि ऑस्टन गूल्सबी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी ज्याचा खप ठाऊक होता अशा एका पुस्तकाच्या काही प्रती ॲमेझॉनवरून एकदम विकत घेतल्या आणि क्रमांक किती वर सरकतो ते पाहिले. त्याच वर्षी एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनीही पुस्तकांचा खप आणि क्रमांक यांचा संबंध काढला. त्यांच्या मांडणीनुसार खप हा क्रमांकाच्या सुमारे ०.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

याचा अर्थ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. पहिल्या क्रमांकाच्या वस्तूचे आठवड्याला १००० नग खपतात असे मानू. या नियमाने दुसरीचे सुमारे ५४७, दहावीचे १३५ आणि शंभरावीचे अवघे १८ नग होतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरणे म्हणजे साडेचारशे नगांची घट. शंभरावरून एकशेएकवर घसरणे म्हणजे एका नगाचाही फरक नाही! क्रमांकांतील अंतर सारखेच, खपातील अंतर मात्र प्रचंड वेगळे.

कन्सोलसाठी हाच घात लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. तो नव्याने काढावा लागतो आणि त्यासाठी निदान दोन वस्तूंचा खरा खप माहीत असावा लागतो. तापमापीवर अंश आखण्याआधी बर्फाचा आणि उकळत्या पाण्याचा बिंदू ठरवावा लागतो, तसेच हे.

याशिवाय आणखी काही खाचखळगे आहेत. एकाच कन्सोलचे निरनिराळ्या रंगांचे आणि साठवणक्षमतेचे नमुने यादीत वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे एकूण खप मोठा असूनही प्रत्येक नमुना खाली दिसू शकतो. डिसेंबरमध्ये, नाताळच्या खरेदीत, पहिला क्रमांक टिकवायला जितके नग लागतात तितके फेब्रुवारीत लागत नाहीत. निन्टेंडोचा ‘वी’ कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा दीर्घकाळ त्याचा तुटवडा होता. माल संपला की विक्री थांबते, क्रमांक घसरतो. मागणी मात्र तशीच असते. आणि हे सारे एकाच दुकानाचे चित्र. इतर दुकानांचे गिऱ्हाईक वेगळे असू शकते.

म्हणून अशा अंदाजातून ‘अमुक कन्सोल तमुकपेक्षा बहुधा पुढे आहे’ एवढे म्हणता येईल. ‘अमुक लाख नग विकले’ असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न विचारावेत: क्रमांकाचे नग कोणत्या नियमाने केले? तो नियम कोणत्या खऱ्या आकड्यांवर पडताळला?

हा प्रयोग शाळेतही करता येईल. ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीतून वर्षभरात कोणते पुस्तक किती वेळा नेले गेले ते मोजा. पुस्तकांना क्रमांक द्या आणि क्रमांक व संख्या यांचा आलेख काढा. मग दोन पुस्तकांखेरीज सर्वांच्या संख्या झाका आणि उरलेल्या मुलांना ओळखायला सांगा. अंदाज कुठे जमतो आणि कुठे चुकतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.