शोध व बचावकार्यातील भूचर यंत्रमानव : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
आपत्ती म्हटले की भूकंप, महापूर अशा व्यापक घटना डोळ्यांसमोर येतात. ग्रामीण भागात मात्र टाकी व विहीर यांसारख्या जागाही जीवघेण्या ठरतात. बारामती तालुक्यातील खांडज येथे १५ मार्च २०२३ रोजी टाकीत गुदमरून चौघांचा मृत्यू झाला. अडकलेल्यास वाचविण्यासाठी उतरलेल्यांचाही त्यांत समावेश होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीच्या काँक्रीट रिंगचे काम सुरू असताना कडा ढासळून चार मजूर गाडले गेले व मृत्युमुखी पडले. या घटनांच्या आधारे भूचर यंत्रमानवाची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करता येतात.

स्वरूप :
भूचर यंत्रमानव म्हणजे चाकांवर वा पट्ट्यांवर चालणारे दूरनियंत्रित वाहन होय. त्यावर कॅमेरा, दिवा, ध्वनिग्राहक व वायुमापक बसविलेले असतात. रेडिओलहरी माती व काँक्रीटमध्ये क्षीण होत असल्याने अनेकदा वीज व संदेश केबलमधून पुरविले जातात. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्क येथील जागतिक व्यापार केंद्राच्या ढिगाऱ्यात, माणूस वा श्वान शिरू शकणार नाही अशा पोकळ्यांत असे यंत्रमानव पाठविण्यात आले होते.

बंदिस्त टाकी :
मलमूत्र व शेण कुजताना हायड्रोजन सल्फाइड व मिथेन निर्माण होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढल्यास घ्राणशक्ती बधिर होते. त्यामुळे ‘वास येत नाही’ हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. वायुमापकासह यंत्रमानव आधी खाली सोडल्यास वरील व्यक्तींना धोक्याची कल्पना येते. मिथेन ज्वालाग्राही असल्याने यंत्र ठिणगीरोधक असणे अनिवार्य आहे.

ढासळलेली विहीर :
येथे मर्यादा ठळक होतात. कोसळलेल्या स्लॅबखाली पोकळी राहू शकते. सैल माती ती भरून टाकते. लहान यंत्रमानव मातीचा ढीग उपसू शकत नाही. ते काम पोकलेन व मनुष्यबळाचेच राहते. मात्र उपसा सुरू असताना कड्याच्या भेगांवर तळातून नजर ठेवणे त्यास शक्य आहे.

समारोप :
यंत्रमानव बचाव पथकाचा पर्याय नसून त्याचा अग्रदूत आहे. तो उपलब्ध नसल्यास दोरीला बांधलेला साधा वायुमापकही टाकीतील धोका सांगू शकतो. म्हणून ‘आधी मापन, मग प्रवेश’ ही शिस्त यंत्राहूनही महत्त्वाची ठरते. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थी-प्रकल्पांतून विहीर व टाकी यांसाठी योग्य यंत्ररचना विकसित केल्यास, वाचवावयास गेलेल्याचाच बळी जाण्याचे प्रसंग टाळण्यास मोलाचे साहाय्य होईल.