पाच हजार किलोमीटरची रांग

सुरुवात पुण्याजवळच्या वाघोलीपासून करू या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली आणि त्यानंतर शांतिलाल मुथ्था व त्यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिकण्यासाठी पुण्यात आणली. बाराशे! रेल्वेच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ धरले तर सतरा डबे, म्हणजे अख्खी एक्सप्रेस भरून मुलं. या कामातूनच वाघोलीचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलंही तिथं आली. अशा मुलांना नुसतं जेवण आणि वह्या-पुस्तकं देऊन भागत नाही. रात्री दचकून उठणाऱ्या पोराजवळ कुणीतरी बसावं लागतं.

आता देशाचा आकडा ऐका. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १३ ते १७ वयोगटातली सुमारे ९८ लाख मुलं मानसिक आजारांनी त्रस्त आहेत. तेराच्या आतली चिल्लीपिल्ली यात धरलेलीच नाहीत! वाघोलीच्या त्या एक्सप्रेससारख्या आठ हजारांवर गाड्या लागतील. पुणे स्टेशनातून दर दहा मिनिटांनी एक गाडी सोडा, दिवसरात्र सोडत राहा. शेवटची सुटायला जवळजवळ दोन महिने!

याच मुलांना डॉक्टरांच्या दारात रांगेनं उभं करू. प्रत्येकाला अर्धा मीटर जागा. रांग ४,९०० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे धरलं तर बत्तीस वेळा ते अंतर कापूनही शेपूट उरतंच!

आणि रांगेच्या तोंडाशी कोण? लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊण, असं सांगतात. म्हणजे देशभरात दहा-साडेदहा हजार. मोठ्या माणसांचे सगळे रुग्ण घरी पाठवले, तरी एकेका डॉक्टरच्या वाट्याला नऊशेच्या वर मुलं. प्रत्येकाला तासभर आणि दिवसाचे आठ तास दिले, तर एकही सुट्टी न घेता चार महिने. तेही फक्त पहिल्या भेटीसाठी!

छाती दडपते ना? मग रांगेचं तोंडच बदलू. मूल तज्ज्ञाकडे जाण्याआधी गावातल्या आरोग्य केंद्रात जातं. रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं म्हणून आई घेऊन येते, पोट तपासलं तर ठणठणीत. तिथंच विचारायचं: झोप लागते का? मित्र आहेत का? कशाची भीती वाटते? पालकांनी भरायची पस्तीस प्रश्नांची तयार प्रश्नावली जगभर वापरली जाते. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत जातात, दात-कान-हृदयाबरोबर मुलाच्या विकासातल्या अडचणीही बघतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे याच सरकारी आरोग्य केंद्रांच्या, बारा सेवांमध्ये मानसिक आरोग्य कागदावर आहेच. माझ्या मते तिथल्या डॉक्टर-नर्सना मुलांशी बोलण्याचं प्रशिक्षण देणं, हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात राहून गेलेलं काम आहे. कठीण केस पुढे तज्ज्ञाकडे, आणि अडीअडचणीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर.

आता भागाकार करा! देशात अशी आरोग्य मंदिरं पावणेदोन लाखांच्या आसपास. ९८ लाख मुलं सारखी वाटली तर एका दाराशी किती? छप्पन्न! पाच हजार किलोमीटरची ती अजस्र रांग एकेका दाराशी अठ्ठावीस मीटर उरते, साधारण अडीच एसटी बसइतकी! वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणजे एका केंद्रात आठवड्याला जेमतेम एक नवं मूल!