मद्रासेत छापलेले पोलंड

आम्ही तंजावर मुलखातल्या मेलकावेरीचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, त्यानंतर या मुलखात आलेली मराठी अजून आमच्या स्वयंपाकघरात बोलली जाते. लिहिली मात्र फारशी जात नाही. म्हणूनच असेल, या तमिळ मुलखात बसून आपल्या दूरच्या भाषेत वर्षानुवर्षे लिहीत राहिलेल्या एका बाईचे मला विलक्षण कौतुक वाटते.

तिचे नाव वांदा दिनोव्स्का. जन्म 1888 चा, सेंट पीटर्सबर्गचा. घर पोलिश जमीनदारांचे. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता, आणि देश उरला होता तो भाषेत. तिच्याच पिढीतली, तशाच घरातली झोफिया कोसाक ऐतिहासिक कादंबऱ्यांनी गाजली आणि नाझींच्या काळात ऑश्विट्झच्या छावणीत डांबलीही गेली. वांदाची वाट वेगळी. पोलंडमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी उभी करण्यात तिचा पुढाकार होता. 1935 मध्ये ती भारतात आली आणि इथलीच झाली. लोक तिला उमादेवी म्हणू लागले. गांधीजींच्या सहवासात ती राहिली, तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमातही.

तिचे खरे काम 1944 चे. त्या ऑगस्टमध्ये वॉर्सा शहराने जर्मनांविरुद्ध उठाव केला. दोन महिन्यांनी तो मोडला आणि शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले गेले. त्याच वर्षी इकडे मद्रासेत उमादेवींनी ‘पोलिश-भारतीय ग्रंथालय’ ही ग्रंथमाला सुरू केली. भारताचे ग्रंथ पोलिशमध्ये न्यायचे आणि पोलंडची ओळख भारताला करून द्यायची, असा हा दुहेरी व्यवहार होता. भगवद्गीता त्यांनी पोलिशमध्ये आणली. संस्कृतपासून तमिळपर्यंतच्या कवितांचे संकलन केले. वॉर्साच्या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वतःच्या कविताही होत्याच. झोफियासारखी कादंबरी त्यांनी लिहिली नाही, पण एका उद्ध्वस्त भाषिक घराला दुसऱ्या टोकाकडून आधार देणे मला कादंबरीहून लहान वाटत नाही.

या कामातला त्यांचा सोबती मॉरिस फ्रीडमन. तो आपल्या अधिक ओळखीचा असायला हवा: भवानराव पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात 1939 मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आली, तिच्या घडणीत या वॉर्साच्या इंजिनिअरचा हात होता. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मुंबईतले मराठी संवाद त्यानेच इंग्रजीत आणले. ते संवाद 1973 मध्ये पुस्तकरूपाने आले. मराठी मुलखाशी उमादेवींचाही धागा जुळला होता. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. तिथल्या मुलांना हा देश समजावून सांगणाऱ्यांत उमादेवीही होत्या. कोल्हापूरकर वळिवडे विसरलेले नाहीत. उमादेवींचे नाव मात्र मला मराठीत क्वचितच भेटले.

सत्तरी ओलांडली तरी त्या थांबल्या नाहीत. 1960 नंतर त्या तिबेटी निर्वासित मुलांमध्ये रमल्या. देश हरवलेल्या मुलांचे मन त्यांना कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती.

20 मार्च 1971 रोजी म्हैसूरला त्यांचे निधन झाले. म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टणाला वळसा घालून आलेली कावेरीच पुढे आमच्या मेलकावेरीपाशी येते. दूर राहून आपली भाषा लिहीत राहिलेल्या या बाईकडे पाहून तंजावरी मराठी घरांतल्या लेकीसुनांना माझी एकच विनंती आहे: आजीची मराठी कानावर आहे तोवर ती वहीत उतरवून घ्या.