नागापूरची बॅटरी विमानात का बसत नाही?

नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालं, की सीना नदी ओलांडल्यावर नागापूरची एमआयडीसी सुरू होते. एक्साइडचा बॅटरी कारखाना इथलाच. दुचाकीची बॅटरी हा त्याचा ओळखीचा माल. याच वसाहतीत क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या मोटारी बनत आल्या. एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखानाही इथेच; 2020 पासून तो श्नायडर इलेक्ट्रिककडे आहे. म्हणजे वीज साठवणारं, विजेवर फिरणारं आणि वीज जोडणारं-तोडणारं, असं तिन्ही सामान एकाच ठिकाणी. विजेवरच्या विमानाची कवचकुंडलं बाजूला ठेवली तर आत हेच तीन जिन्नस असतात, पुढे एक पंखा.

मग अडतं कुठे? वजनात.

शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्टाँ प्लाँते यांनी 1859 मध्ये केली आणि तिचं मूळ रसायन फारसं बदललेलं नाही. आजची कृती अशी. शिशाच्या मिश्रधातूची जाळी घ्यायची. शिशाच्या ऑक्साइडच्या भुकटीत पाणी आणि गंधकाम्ल कालवून लगदा करायचा आणि तो जाळीत गच्च भरायचा. प्लेटा मुरल्या, वाळल्या की मध्ये सेपरेटर घालून सहा खान्यांत बसवायच्या. खाना दोन व्होल्टचा, सहा मिळून बारा. मग अ‍ॅसिड आणि पहिलं चार्जिंग, ज्याला कारखान्यात फॉर्मेशन म्हणतात. त्यात धन प्लेट चॉकलेटी होते आणि ऋण प्लेटेवरचं शिसं करडं, सच्छिद्र बनतं. बॅटरीत जीव येतो तो इथे.

ही बॅटरी स्वस्त असते, थंडीत सेल्फ मारते आणि मेल्यावरही तिचं शिसं भंगारात पैसे देऊन जातं. जमिनीवर आणखी काय हवं!

आता विमानाचा हिशेब मांडू. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला जून 2020 मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने प्रमाणपत्र दिलं. पूर्ण विजेवर चालणाऱ्या विमानाला असं प्रमाणपत्र मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ. त्याच्या लिथियम बॅटऱ्यांत 24.8 किलोवॅट-तास वीज मावते. मोटारसायकलची 12 व्होल्ट, 9 अँपिअर-अवर बॅटरी घेतली तर तिच्यात 108 वॅट-तास येतात आणि ती पावणेतीन किलोच्या आसपास भरते. व्हेलिसएवढी वीज साठवायला अशा 230 बॅटऱ्या लागतील. वजन सव्वासहाशे किलोच्या पुढे. अख्खं व्हेलिस माणसांसकट जास्तीत जास्त 600 किलोचं असतं.

कारण अणूतच आहे. शिशाचा अणुभार 207, लिथियमचा 7. शिशाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा एक, तरीही किलोमागे लिथियम पंधरापट पुढे जातो. शिवाय सेलचा व्होल्टेज साडेतीनच्या वर. प्रत्यक्षात ग्राफाइट, ऑक्साइड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांचं ओझं सोबत येतं, म्हणून चांगला लिथियम-आयन सेल किलोमागे 250 ते 300 वॅट-तासांवर थांबतो. चीनच्या सीएटीएलने 2023 मध्ये 500 वॅट-तासांचा सेल जाहीर केला. विमानाचं इंधन मात्र किलोमागे सुमारे 12,000 वॅट-तास देतं. मोटार इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते हे खरं, पण एवढी दरी त्याने बुजत नाही. त्यात इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी उतरली तरी तिचं वजन तेवढंच.

नगरकरांना हे गणित घरच्या उदाहरणाने पटेल. नगरच्याच व्हीआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने, बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांसह निशांत या चालकरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं व्हँकेल इंजिन विकसित केलं. वजन सुमारे 30 किलो. 2009 मध्ये ते निशांतवर बसून उडालं. निशांत सुमारे 380 किलोचं, साडेचार तास हवेत राहणारं. सरासरी निम्मी ताकद लागते असं धरलं, तरी 90 किलोवॅट-तास हवेत. बांधणीसकट किलोमागे 200 वॅट-तास देणारी बॅटरी घेतली तर 450 किलो. विमानापेक्षा बॅटरी जड!

दुसरी अडचण आगीची. लिथियमचा एक सेल बेफाम तापला की शेजारचाही पेट घेऊ शकतो. जानेवारी 2013 मध्ये बोइंग 787 ची विमानं जगभर जमिनीवर बसवावी लागली ती लिथियम बॅटऱ्यांमुळेच, आणि तिथे बॅटरी विमान उडवतही नव्हती. स्कूटर पेटली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. म्हणून विमानाच्या बॅटरीला थंड ठेवणारा द्रव, जाड पेटी, सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा हे सगळं लागतं, आणि ते पुन्हा वजनातच जमा होतं.

म्हणून मुंबई-दिल्लीचं विमान बॅटरीवर उडेल या बातम्यांवर आज विश्वास ठेवू नये. शिकाऊ वैमानिकांचं विमान ही वेगळी गोष्ट आहे. तिथे उड्डाणं आखूड असतात, विमान त्याच धावपट्टीवर परत येतं आणि पेट्रोलचा खर्च वाचतो. व्हेलिस साधारण 50 मिनिटं उडतं ते याच कामासाठी. एनएएलच्या ई-हंसा या दोन आसनी विमानाची घोषणाही 2025 मध्ये प्रशिक्षणासाठीच झाली.

यात नागापूरला जागा आहे का? सेलमध्ये तूर्त नाही. एक्साइडने 2022 मध्ये एक्साइड एनर्जी सोल्युशन्स ही उपकंपनी काढली आणि लिथियम सेलच्या कारखान्यासाठी बेंगळुरू निवडलं. मोटार, स्विचगिअर आणि चाचणी ही मात्र नगरची जुनी कामं. वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या चाचणी संस्थांत व्हीआरडीई आहे. इथल्या उद्योजकांनी विमानाची स्वप्नं बघण्याआधी किलोमागे किती ताकद मिळते या एका आकड्यावर आपल्या मोटारी तपासाव्यात. ई-हंसासारख्या विमानांना सुटे भाग पुरवायचे तर खरेदीदार पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.